लाल तुऱ्याची टोपी

दातार सरांनी तुऱ्यातला एक लाल केस चिमटीत धरून उपटला आणि माझ्यापुढे हात केला. मी पर्समधून काडेपेटी काढून दिली. केस पेटला, आक्रसला आणि त्या लहानशा खोलीत जळक्या केसांचा वास पसरला.

"नायलॉन असतं तर वितळून मणी झाला असता," मी म्हणाले.

"घोड्याचा आहे," सर म्हणाले. चेहरा अगदी कोरा.

"घोड्याचाच की!" दावीद मास्तर खूश झाले. "अर्धा तुरा तिकडचा, अमेरिकेतला. अर्धा बावन्न साली अण्णांनी बसवला, टांग्याच्या घोडीच्या शेपटीचा. लाल रंगात दोन दिवस उकळला होता. ओळखा बरं, कोणता कुठला."

कौतुकानं सांगत होते बिचारे. आपण जे जे सांगतोय ते समोरचा माणूस आपल्याच विरुद्ध वापरायला जमा करून ठेवतोय, याची त्यांना काय कल्पना! मला होती का? त्या क्षणापर्यंत नव्हती, एवढंच मी माझ्या बाजूनं म्हणू शकते. पुढच्या अर्ध्या तासाबद्दल मला काहीच म्हणता येत नाही.

ही गोष्ट त्र्याण्णव सालच्या जूनची, नगरची. चर्चच्या मागे बैठ्या घरांची एक ओळ होती, तिच्या टोकाचं घर दावीद भिंगारदिवे यांचं. 'भिंगारदिवे ब्रास बँड' अशी पाटी दाराबाहेर. आत भिंतीवर येशूचं चित्र, त्याखाली खिळ्यांना टांगलेली तीन पितळी कॉर्नेट, कोपऱ्यात मोठा ढोल आणि खिडकीजवळच्या खाटेवर मास्तरांचे वडील. याकोब अण्णा. नव्वदीला टेकलेले, दोन्ही डोळ्यांनी अधू, पण पाठ ताठ. टोपी त्यांच्याच मांडीवरून उचलून सरांच्या हातात दिली गेली होती.

टोपी म्हणजे अमेरिकन तोफखान्याच्या शिपायाचं संचलनाचं हेल्मेट. १८८१च्या नमुन्याचं. काळ्या कडक नमद्याचं, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीचं, पुढे-मागे उतरती कड, कपाळावर पितळेचा पंख पसरलेला गरुड, गरुडाच्या छातीवर ढाल आणि ढालीमागे एकमेकींवर आडव्या दोन तोफा. डोक्यावर पितळी नळी आणि तीतून सुटलेला लाल घोडकेसांचा तुरा. पायदळाला तुरा नसे, नुसतं टोक असे. घोडदळाचा तुरा पिवळा. लाल फक्त तोफखान्याचा. हे सगळं मला सरांनी शिकवलं.

माझ्या वडिलांचं रविवार पेठेत काळ्या टोप्यांचं दुकान होतं. लोकांनी टोप्या घालणं सोडलं आणि दुकान बसलं, पण माझे हात त्या कामात तयार झाले होते. दातार सर नऊ वर्षं फिलाडेल्फियात नोकरी करून पुण्याला परतले ते एक्केचाळीस अमेरिकन लष्करी टोप्या घेऊन. त्यांची अस्तरं उसवलेली, चामडी पट्ट्या सुटलेल्या. त्यांना दुरुस्तीला माणूस हवं होतं. मी गेले आणि सहा वर्षं राहिले. सर उत्तम शिकवायचे, यात वाद नाही. गरुड हातात देऊन विचारायचे, "डोळे मीट. काय आहे?" खरा गरुड ठशानं उठवलेला असतो. पत्रा पातळ, पाठ पोकळ, पुढे जी रेघ तीच मागे उलटी. नकली गरुड ओतलेला असतो. जड, पाठ भरलेली, बोटाला रवाळ लागणारी. वर्षभरात मी डोळे मिटून सांगायला लागले. सर त्या एक्केचाळीस टोप्यांवर पुस्तक काढणार होते आणि त्यावर त्यांच्या नावाखाली माझं नाव येणार होतं. शरयू काळे. हे त्यांनी चार लोकांत जाहीर केलं होतं.

संग्रहात एकच उणीव होती. तोफखान्याची लाल तुऱ्याची टोपी. आणि ती मी शोधली. मे महिन्यात मावसबहिणीच्या लग्नाला नगरला गेले होते. वरातीच्या पुढे बँड, बँडच्या पुढे कॉर्नेट वाजवणारे मास्तर आणि मास्तरांच्या डोक्यावर ही टोपी. मी वरात सोडून त्यांच्या शेजारून उलटी चालत राहिले, मावशीनं दंडाला धरून ओढेपर्यंत. पुण्याला आल्या आल्या धावत जाऊन सरांना सांगितलं. मीच सांगितलं.

"ही तुमच्याकडे आली कशी?" सरांनी आता विचारलं.

त्यावर याकोब अण्णा खाटेवरून बोलले. आवाज म्हाताऱ्याचा नव्हता, आयुष्यभर फुंकून कमावलेल्या छातीचा होता.

"माझे वडील, लाजरस. पाद्रीसाहेबाच्या बंगल्यावर घोडे बघायचे. प्लेगच्या साली नगर मोकळं झालं. साहेबाची मडम आजारी पडली, तर नोकरचाकर सगळे पळाले. माझ्या बापानं सतरा दिवस तिला पाणी पाजलं. गेली ती. तिची मयताची पेटी साहेबानं एका बाजूनं उचलली आन् दुसऱ्या बाजूनं माझ्या बापानं. तिसरं माणूस न्हवतं. साहेबाकडं त्याच्या थोरल्या भावाची टोपी होती. भाऊ तोफखान्यात होता, तिकडंच वारला. साहेब म्हणला, लाजरस, माझ्याजवळ याच्यापरीस मोठं काही न्हाय. आन् ही बापाच्या डोक्यावर ठेवली. त्या टोपीवर आमचा बँड उभा राहिला."

"आतली नावं दाखवा ना साहेबांस्नी," मास्तरांच्या पत्नी मनोरमाबाई चहा ठेवता ठेवता म्हणाल्या.

मास्तरांनी टोपीच्या आतली चामड्याची पट्टी उलटी केली. तिच्या पाठीवर जाड पांढऱ्या दोऱ्यानं, साखळीच्या टाक्यानं दोन नावं घातलेली होती. लाजरस. याकोब. टाका इतका एकसारखा की मी नकळत त्यावरून अंगठा फिरवला.

"बँडचा मास्तर वारला की त्याच्या पोराचं नाव चढतं," मास्तर म्हणाले. "घरच्या बाईनं घालायचं. बाहेरच्या हातानं न्हाय. माझ्या आजीचं नाव माझ्या आजीनं... म्हणजे आजोबाचं आजीनं घातलं, अण्णांचं माझ्या आईनं. माझं ही घालंल."

"मला काही घाई न्हाय सुई धरायची," मनोरमाबाई म्हणाल्या. "अण्णा शंभरी गाठू द्या."

अण्णा हसले. खोलीत सगळेच हसले. सरही हसले.

त्याच वेळी मी पाहिलं. नावांच्या खाली, पट्टी जिथे नमद्याला शिवलेली असते तिथे, तपकिरी झालेल्या कागदाचा तुकडा चिकटलेला होता. त्यावर फिलाडेल्फियाच्या टोपीवाल्याचा छाप. अशा लेबलासाठी जगातले संग्राहक जीव टाकतात. सरांनीही ते पाहिलं. त्यांचा अंगठा सावकाश पुढे आला, लेबलावर बसला आणि त्यांनी पट्टी पुन्हा आत दुमडून टाकली.

"मास्तर," ते म्हणाले, "हा गरुड इतका चकचकीत कसा?"

"दर शनवारी घासतो ना! चिंच आन् राखुंडी. आमच्या आज्यापासनं नेम हाय. एक शनवार चुकला न्हाय."

खरंच गरुडाची पिसं घासून घासून सपाट झाली होती. चोच गुळगुळीत. चोचीतली लॅटिन अक्षरांची फीत नुसती जाणवण्यापुरती उरली होती. संग्राहक पितळेला हात लावत नाहीत. त्यांना त्यावरचा काळा थर हवा असतो. हे भिंगारदिव्यांना कोण सांगणार? त्यांची टोपी कपाटात नव्हती, ती रोज कामाला जात होती.

सरांनी सुस्कारा सोडला. मी तो सुस्कारा ओळखत होते. डॉक्टर वाईट बातमी देण्याआधी सोडतात तसला.

"वाईट वाटून घेऊ नका," ते म्हणाले. "शंभर वर्षांच्या पितळेवर काळा थर असतो. इथे कुठे आहे? तुरा टांग्याच्या घोडीचा. गरुडावरची अक्षरं धड उठलेली नाहीत. अशा टोप्या तिकडे नाटक कंपन्यांसाठी बनवायचे. सैन्याची नाही ही. नक्कल आहे."

मास्तर हसले. त्यांना वाटलं सर थट्टा करतायत.

"पाद्रीसाहेबानं स्वता सांगितलं होतं," अण्णा म्हणाले.

"सांगितलं असेल, आजोबा. नोकराला बक्षीस द्यायचं तर माणूस काहीतरी गोष्ट जोडतोच. नाटकातली टोपी, भावाची म्हणून दिली."

अण्णांची मान किंचित वळली. ज्या बाजूनं आवाज आला त्या बाजूला. "मंग माझा बाप फसला म्हणता?"

"तसं नाही म्हणत मी. माझ्यावर विश्वास नसेल तर हिला विचारा." सरांनी टोपी माझ्या हातात दिली. "शरयू, गरुडामागे बोट घालून बघ. ठशाचा की ओतीव?"

मी बोट घातलं. पत्रा पातळ. पाठ पोकळ. पिसांच्या रेघा, ज्या पुढून घासून गेल्या होत्या, त्या मागे जशाच्या तशा, धारदार. इतका खरा गरुड मी त्याआधी हातात धरला नव्हता. सहा वर्षांत मला इतकी खात्री कधी वाटली नव्हती.

मी सरांकडे पाहिलं. ते माझ्याकडे परीक्षकासारखे पाहत होते. चार महिन्यांनी पुस्तक छापायला जाणार होतं.

"ताई," मास्तर म्हणाले, "तुमी सांगा. तुमी सांगाल ते खरं."

"ओतीव," मी म्हणाले.

एक शब्द. तो बोलायला मला कोणी मारलं नव्हतं, धमकावलं नव्हतं. मला कव्हरवर माझं नाव हवं होतं, म्हणून मी बोलले. सरांचा राग आजही येतो, पण तो सोपा राग आहे. त्या शब्दाचा राग जात नाही.

मग सरांनी गोड आवाजात पुढचं मांडलं. नक्कल कशी ओळखावी हे विद्यार्थ्यांना दाखवायला त्यांना एक नमुना हवा होता. ही टोपी त्यांना द्यावी, बदल्यात ते सगळ्या बँडला बारा नव्या टोप्या शिवून देतील, झगझगीत, गरुडासकट.

"न्हाय हो," मास्तर म्हणाले. "खोटी तर खोटी. आमचीच हाय."

"दाविदा," अण्णा म्हणाले. "दे ती."

"अण्णा..."

"दे म्हणतो ना! आमच्या बापाची थट्टा केली त्या गोऱ्यानं आन् आमी तीन पिढ्या ती थट्टा डोक्यावर घेऊन गावातनं फिरलो. लबाडीची वस्तू प्रभूच्या चित्राखाली नको. आत्ता घेऊन जाऊ दे."

मनोरमाबाईंनी टोपी एका धुतलेल्या टॉवेलात बांधून दिली. देताना त्या माझ्याकडे पाहत होत्या, सरांकडे नव्हे. चहा तसाच राहिला.

गाडी शिरूरच्या पुढे आली. मग सरांनी स्टिअरिंगवर दोन्ही हात आपटले आणि मोठ्यानं हसले.

"लेबल पाहिलंस? लेबल! अगं, वेडे, लेबलासकट! अमेरिकेत नसेल कुणाकडे अशी."

"सर, ते म्हातारे..."

"म्हाताऱ्यानं आपणहून दिली. मी हिसकावली का? आणि चिंच लावतात त्याला. चिंच! आणखी दहा वर्षांत गरुडाचा कावळा केला असता त्यांनी. आपण वाचवलं त्या वस्तूला."

मी काचेबाहेर पाहत राहिले. मला तेव्हा ओरडायला हवं होतं, गाडी थांबवायला हवी होती. मी पुण्याला उतरले, 'येते सर' म्हणाले आणि घरी जाऊन जेवले. हेही सांगायला हवं.

प्रदर्शन जानेवारीत ठरलं. बेचाळीस टोप्यांचं, पुस्तकाच्या प्रकाशनासह. बारा नव्या टोप्या नगरला पोचल्या होत्या. प्लॅस्टिकचे गरुड मीच शिवून लावले होते. डिसेंबरच्या शेवटी सरांनी मला लाल तुऱ्याची टोपी दिली आणि सोबत छोटी कात्री.

"आतली नावं काढून टाक. मराठी नावं नकोत तिथे. मूळ वस्तूला नंतरची शिवण म्हणजे डाग."

"शंभर वर्षांची शिवण आहे, सर."

"भिंगारदिव्यांची शिवण आहे. टाक काढून. टाक्यांची भोकं मेणानं बुजव. आणि हे कार्ड लिही सुवाच्य अक्षरात." त्यांनी कागद पुढे सरकवला. 'अमेरिकन तोफखाना, १८८१. अस्सल. निर्मात्याच्या लेबलासह. मूळ मालक : फिलाडेल्फियातील एक लष्करी घराणे.'

मी टोपी घरी नेली. पट्टी उलटी केली, कात्रीचं टोक 'ला'च्या पहिल्या कडीखाली घातलं. आणि मग मला जो राग आला तो मी कधी अनुभवला नव्हता. माझ्या तोंडाकडे पाहून आई म्हणाली, ताप आहे का? एका बाईनं नवऱ्यासाठी आणि तिच्या सुनेनं, सासरा गेल्यावर, त्या सुतकाच्या दिवसांत बसून जाड चामड्यातून सुई ओढली होती. अंगठ्यात किती वेळा घुसली असेल. तसली सुई मी सहा वर्षं ओढत होते, मला माहीत होतं. आणि हा माणूस म्हणतो, डाग.

मी कात्री ठेवून दिली. पट्टी आत दुमडून वरून चार कच्चे टाके घातले आणि सरांना सांगितलं, काम झालं. ते तपासणार नाहीत हे मला ठाऊक होतं. माझ्या हातावर त्यांचा फार विश्वास होता.

उद्घाटनाला बँड हवा, असं सरांचं म्हणणं होतं. लष्करी टोप्या आहेत, लष्करी वाजंत्री हवी. व्यवस्था माझ्याकडे होती. मी नगरला पत्र टाकलं.

त्या दिवशी सकाळी दहा वाजता हॉलच्या फाटकापाशी भिंगारदिवे ब्रास बँड उभा होता. बाराजणांच्या डोक्यावर आमच्या बारा टोप्या, प्लॅस्टिकचे गरुड उन्हात चमकणारे. दावीद मास्तर कॉर्नेट घेऊन पुढे. मला पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. "सलाम, ताई." चेहरा ओढलेला दिसला, पण मी माझ्याच नादात होते. आज आपण यांना न्याय देणार, हे डोक्यात. सर मला बाजूला घेऊन दात खाऊन म्हणाले, "पुण्यात बँड मेले होते का? बाहेरच ठेव त्यांना. चहा बाहेरच दे."

पाहुणे होते निवृत्त ब्रिगेडियर घाटपांडे. त्यांनी फीत कापली, सरांनी भाषण केलं, पुस्तक निघालं. कव्हरवर सरांचं नाव होतं, त्याखाली माझं. मी ते पाहिलं, खाली ठेवलं आणि फाटकाकडे गेले.

"मास्तर, आत चला."

"आमी कशाला, ताई?"

"चला."

त्यांनी कॉर्नेट साथीदाराकडे दिलं, चपला काढल्या आणि माझ्यामागे आले. मधल्या काचपेटीपुढे मी त्यांना उभं केलं. लाल तुरा दिव्याखाली पेटल्यासारखा दिसत होता. मास्तरांनी आधी टोपी पाहिली. मग कार्ड. ओठ हलवत, एकेक शब्द.

"ताई, हितं अस्सल लिवलंय."

"हो."

"तुमी तर ओतीव म्हणला होता."

"खोटं बोलले मी. ठशाचा आहे. टोपी खरी आहे, मास्तर. पाद्रीसाहेबांनी सांगितलं ते सगळं खरं असणार."

मला वाटलं ते ओरडतील. त्यांनी डोक्यावरची नवी टोपी काढून काखेत धरली.

सर लगबगीनं आले. "कोणी आत आणलं यांना? मास्तर, चहा बाहेर आहे."

"साहेब," मास्तर म्हणाले, "ही आमची टोपी."

"तुमची होती. तुमच्या वडिलांनी स्वतःच्या तोंडानं दिली. साक्षीदार आहे." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "बदल्यात बारा टोप्या घेतल्यात. एक काखेत आहे तुमच्या."

लोक वळून पाहायला लागले होते. ब्रिगेडियर दोन पावलं जवळ आले.

"बरोबर हाय," मास्तर म्हणाले. आवाज अजिबात चढला नव्हता. "अण्णांनी खोटी टोपी दिली. तुमीच सांगितलं खोटी हाय म्हणून, म्हणून दिली. खरी न्हाय दिली. ती खोटी कुठं ठेवलीय? ती दाखवा, ती ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. ही खरी आमची हाय, ही आमी नेतो."

सर एकदम लाल झाले. "काय तमाशा आहे हा! ही टोपी फिलाडेल्फियाहून आलीय. एका लष्करी घराण्याकडून. ह्या माणसाचा काहीही..."

काचपेट्यांच्या किल्ल्या माझ्याकडे होत्या. मी पेटी उघडली, टोपी काढली, चार कच्चे टाके नखानं तोडले आणि पट्टी उलटी केली. सरांनी माझं मनगट पकडलं. "शरयू, शुद्धीवर आहेस का? तुझं नाव आहे त्या पुस्तकावर!"

"खोडा," मी म्हणाले. इतक्या मोठ्यानं की मागची बाई दचकली. "आत्ता खोडा. मी लबाड आहे आणि तुम्ही चोर आहात. सोडा हात."

त्यांनी सोडला. मी टोपी ब्रिगेडियरांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा वर सरकवून पट्टी जवळ धरली.

"लाजरस. याकोब," त्यांनी वाचलं. मग ते सरांकडे वळले. "दातार, फिलाडेल्फियाला देवनागरी शिकवतात का हो?"

कोणीतरी फिसकन हसलं. ब्रिगेडियर हसले नाहीत. त्यांनी टोपी दोन्ही हातांत धरली, मास्तरांपुढे गेले आणि त्यांना दिली. सर बाजूच्या खुर्चीवर बसले. ते माझ्याशी त्यानंतर कधीही बोलले नाहीत. पुस्तकाच्या उरलेल्या प्रतींची कव्हरं त्यांनी माझं नाव गाळून पुन्हा छापून घेतली, असं मला नंतर कळलं.

मी मास्तरांच्या मागोमाग फाटकापर्यंत धावत गेले. खोटं कशाला बोलू, मला फार मोठं काहीतरी केल्यासारखं वाटत होतं. बँडवाले गोळा झाले होते. मास्तरांनी नवी टोपी कट्ट्यावर ठेवली होती आणि जुनी तशीच हातात धरली होती. डोक्यावर घातली नव्हती.

"मास्तर, घाला ना," मी म्हणाले. "आणि अण्णांना माझ्याकडून सांगा. मी स्वतः येते नगरला, त्यांची पायधूळ घेऊन माफी मागते."

"अण्णा गेले," मास्तर म्हणाले. "नाताळच्या आठ दिवस आधी."

मास्तरांनी टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"तुमी आला होता त्या दिवसापासनं त्यांनी कॉर्नेट खिळ्यावरनं काढायला लावलं. नजरेला न्हाय, पण हाताला लागायचं ना. नको म्हणले. बापाचं नाव कुणी काढलं तर तोंड फिरवायचे. शेवटी शेवटी मला म्हणले, दाविदा, माझा बाप सतरा दिवस त्या बाईला पाणी पाजत होता आन् साहेब त्याला हसत होता. मी म्हणलो, व्हय अण्णा. काय म्हणणार? तुमीच सांगितलं होतं."

बँडमधला एकजण तोंड फिरवून उभा राहिला. रस्त्यावरून रिक्षा जात होत्या. माझ्या हातात अजून काचपेटीच्या किल्ल्या होत्या.

"पुरायला नेलं तेव्हा पुढं टोपी न्हवती," मास्तर म्हणाले. "आमच्यात मास्तराच्या पेटीवर ठेवतात ती. चर्चपासनं कबरीपर्यंत. लाजरस आजोबाला होती. अण्णांना काही ठेवलं न्हाय."

मी तेव्हा जे बोलले ते का बोलले, याचं उत्तर एकच आहे. मला त्यांच्या तोंडून 'असू द्या, ताई' ऐकायचं होतं. ते ऐकल्याशिवाय घरी जाणं मला शक्य नव्हतं. आणि माझ्याकडे द्यायला दुसरं काही नव्हतं, फक्त हात होते.

"मास्तर, आता तुमचं नाव चढायचं ना?" मी म्हणाले. "मला घालू द्या. अगदी तसाच टाका, तसाच दोरा. दोन दिवसांत आणून देते. माझ्या हातची शिवण ओळखूसुद्धा येणार नाही."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. राग दिसला असता तर बरं झालं असतं. त्यांनी टोपी काखेत घेतली, लाल तुरा हातानं खाली बसवला आणि बँडला निघायची खूण केली.

"नको," ते म्हणाले. "आमच्या घरात सुई हाय."